स्टेप म्हणजे पायरी नव्हे

आमच्या दुकानात दिवसभर इंग्रजी बोललं जायचं, पण आपण इंग्रजी बोलतोय हे तिथे कुणाच्या गावीही नसायचं. कळंबोलीला लोखंड बाजाराच्या तोंडाशी बाबांचं टायरचं दुकान होतं. ट्रक येऊन थांबायचा, ड्रायव्हर वरून उडी मारायचा आणि ओरडायचा, "शेठ, स्टेपनीपण बसली!" मग बोनट, डिकी, डॅशबोर्ड, क्लीनर असे शब्द ग्रीसच्या वासासकट दुकानभर फिरायचे. शाळा सुटली की मी एका जुन्या टायरवर बसून गृहपाठ करायची आणि एक कान तिकडे लावून ठेवायची. शब्दांचं वेड मला तिथेच लागलं. लोकांना वाटतं, इंग्रजीची बाई म्हणजे हिच्या घरी पुस्तकांची कपाटं असणार. कसली कपाटं नि कसलं काय! आमच्याकडे टायरच्या चळती होत्या.

पण आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी बाबा गेले, आणि त्यांचं वर्षश्राद्ध उरकल्यावर माझ्या सावत्र आईने ट्रंक भरायला घेतली. ती आपल्या भावाकडे उलव्याला निघाली होती, कायमची. तिला अडवायला माझ्याकडे ना नातवंडं होती, ना जावई. लग्न मी केलंच नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांना मी काय उत्तर देते ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्याकडे होते ते फक्त शब्द. आणि शब्दांनी कुणी थांबतं यावर माझ्या सावत्र आईचा काडीचा विश्वास नव्हता.

आधी दुकानातल्या शब्दांचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी शिक्षिका झाले, शब्दांची मुळं खणायचा नाद लागला, आणि एक दिवस मला कळलं की टायर हा शब्द बहुधा 'अटायर' या जुन्या शब्दाची शेपटी आहे. अटायर म्हणजे पेहराव. चाकाला चढवलेला पेहराव तो टायर. मी धावतपळत दुकानात गेले आणि बाबांना सांगितलं. बाबा हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे जन्मभर मी शिंपीकाम केलं म्हण की!" तेव्हापासून रिमोल्डिंगला, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून घ्यायला, कुणी आलं की ते त्याला म्हणायचे, "या, जुना सदरा उलटून शिवायचाय वाटतं?" ड्रायव्हर बिचारे बघत राहायचे.

डॅशबोर्डचंही तसंच. घोडागाडीच्या काळात घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावत, ती डॅशबोर्ड. घोडा गेला, चिखल गेला, फळी राहिली. आता तिच्यावर गणपती बसतो. डिकी म्हणजे त्याच घोडागाडीच्या मागच्या टोकाला नोकराने बसायची जागा. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा आमचा एक कारागीर पटकन म्हणाला, "मग बरोबर आहे, मॅडम, मालक मला टेम्पोत मागेच बसवतात." बाबांनी त्याला फडकं फेकून मारलं.

आणि स्टेपनी. हा शब्द तर आमच्या घराच्या मुळावरच आलेला. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांच्यासोबत जादा चाक मिळत नसे. वाटेत चाक फुटलं की माणूस रस्त्यात बसला. तेव्हा वेल्समधल्या एका लहानशा गावात, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, कुणी तरी डोकं चालवून फुटल्या चाकावर बसवता येईल असं जादा चाक विकायला काढलं. रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं आणि चाक जगभर गेलं. पुढे गोऱ्यांनी तो शब्द टाकून दिला. आज लंडनमध्ये जाऊन स्टेपनी मागितलीत तर लोक तुम्हाला त्याच नावाच्या एका वस्तीचा पत्ता सांगतील. कळंबोलीत मात्र शाळेचं तोंड न पाहिलेला माणूससुद्धा हा शब्द रोज वापरतो.

आता त्या शब्दाने केलेला घोळ सांगते.

माझी आई मी दुसरीत असताना तापाने गेली. पुढच्या वर्षी बाबांनी दुसरं लग्न केलं. बाबा घाटावरचे, आणि ही उलव्याकडच्या खाडीकाठच्या गावातली, आगऱ्याची लेक. घरची मिठागरं. तिचं लग्न लांबलेलं, का लांबलं ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती घरात आली त्या दिवशी, बाबा दुकान उघडायला गेल्यावर, मी मोरीत जाऊन कडी लावून बसले होते. तिने दार वाजवलं नाही. बाहेर जमिनीवर बसकण मारली आणि म्हणाली, "ऐक गो बाय. मना मावशी म्हन. आई तुझी एकच, ती जागा घ्यायला मी आले नाय." मग ती गप्प बसली. बराच वेळ झाला. मला वाटलं, गेली. कडी काढून बघते तर तिथेच बसून तांदूळ निवडत होती.

तर मावशी. मी तिला मावशीच म्हणत आले.

पाचवीत आम्हाला इंग्रजी सुरू झालं. वर्ष संपता संपता बाईंनी 'माय मदर' या विषयावर ओळी लिहायला सांगितल्या. आईवर काय लिहू? आई तर नव्हती. नातेवाईक कुजबुजताना मी 'स्टेप मदर' असं ऐकलेलं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की स्टेप हे स्टेपनीचंच छोटं रूप असणार. ड्रायव्हर नाही का, ट्रान्सपोर्टला नुसतं ट्रान्सपो म्हणतात? वहीत अर्धवट शब्द कशाला लिहा, म्हणून मी मोठ्या अक्षरात पूर्ण शब्द लिहिला. आय हॅव नो मदर. आय हॅव स्टेपनी मदर. पुढे दुकानातलीच भाषा वापरून भर घातली. शी इज व्हेरी गुड कंडिशन.

बाई आधी फळ्याकडे तोंड करून हसल्या. मग त्यांना आवरेना. त्यांनी वही शिक्षकांच्या खोलीत नेली, तिथून हशा पिकलेला आम्हाला वर्गात ऐकू आला. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव स्टेपनी पडलं. दहावी होईपर्यंत ते टिकलं. आजही पनवेलच्या भाजीबाजारात एखादी टक्कल पडलेली, पोट सुटलेली व्यक्ती मागून हाक मारते, "ए स्टेपनी!" आणि मी वळून बघते. काय करणार, सवय झालीय.

त्या दिवशी मी रडत घरी आले. मावशीने काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. तिला काही कळलं नाही. संध्याकाळी बाबा आल्यावर तिने त्यांना विचारलं, "स्टेपनी म्हंजे काय ओ?" बाबांचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला. स्टेपनी या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, बायकोखेरीज ठेवलेली बाई, आणि तो पुरुष मिश्या पिळत एकमेकांना सांगतात. बाबांनी तो गाळला आणि चाकाचा अर्थ सांगितला. मावशीने भाकरी तव्यावर उलटली आणि म्हणाली, "मंग त्यात रडायचं काय? पयलं चाक गेलं तं गाडी रस्त्यात सोडायची काय? आनि पोरीनं लिवलंय खरं. कंडिशन चांगलीच हाय माझी." बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसले.

दुसरा अर्थ तिला पुढे कळलाच. ती दुकानावर डबा घेऊन यायची, आणि एकदा एका ड्रायव्हरने तोंड वाकडं करून तो शब्द तिला ऐकू जाईल असा टाकला. मी समोर होते, कॉलेजात होते, मला अर्थ कळत होता, आणि माझं अंग नुसतं पेटलं. मी काही बोलायच्या आत मावशी त्याच्याजवळ गेली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "हो रे भावा, हाय मी स्टेपनी. माझ्याबिगर या घराचं चाक हलत नाय. तू घरी जाऊन इचार, तुझ्याबिगर कुनाचं आडतं काय." आजूबाजूचे चार ड्रायव्हर खो खो हसले. तो माणूस पुन्हा आमच्या दुकानावर टायर घ्यायला आला नाही. बाबा म्हणाले, गिऱ्हाईक घालवलंस. मावशी म्हणाली, "मंग मी जाऊ त्याला आनायला?"

अशी ती. म्हणूनच मला कळेना, की ही बाई आता ट्रंक का भरते.

आमचं घर पनवेलात तळ्याच्या बाजूला आहे, दुसऱ्या मजल्यावर. बाबा त्याच घरात गेले, झोपेतच, कुणाला त्रास न देता. वर्षभर आम्ही दोघी राहिलो. सकाळी मी शाळेत, ती घरात. संध्याकाळी मी परीक्षेचे पेपर तपासायची आणि ती समोर बसून मुलांच्या चुका वाचून दाखवायला लावायची. "आज कुनी काय दिवे लावले?" हा तिचा रोजचा प्रश्न. मला वाटलं, असंच चालायचं आता. गृहीतच धरलं होतं म्हणा ना.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी ती सहज म्हणाली, "रविवारी भाऊ गाडी घेऊन येतो. त्याच्याकडे खाली एक खोली रिकामी हाय. मी जाते आता."

"किती दिवस?"

"दिवस कसले? जाते म्हंजे जाते."

मला आधी वाटलं, मी काही बोलले असेन. माझी जीभ तिखट आहे, मला ठाऊक आहे. विचारलं तर म्हणाली, तसलं काय नाय. मामांनी काही टोचलं का? तसंही नाही. मामा म्हणजे तिचे धाकटे भाऊ, देवमाणूस. गावाची जमीन गेली, मिठागरं गेली, त्यांनी उलव्यात तीन मजली घर बांधलं आणि बहिणीसाठी मनापासून एक खोली राखली. त्यांच्यावर रागावायचीही सोय नव्हती. मग मला भयंकर राग आला, कारण रागवायला कुणी मिळेना.

"मग का जातेस?" मी ओरडलेच.

ती पदर खोचत म्हणाली, "हे बघ बाय. मी या घरात कुनामागं आले? तुझ्या बापामागं. तो गेला. आता मी हितं कोन? गाडीच राहिली नाय, तं स्टेपनी ठेवून काय करतेस? तू भली हायस, तू मना कदी जा म्हननार नाय. म्हनून मीच जाते."

मी म्हटलं, वेडी आहेस का. ती म्हणाली, असेन. आणि साड्यांच्या घड्या घालत राहिली. तिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती भांडतच नाही, नुसती हो हो म्हणते आणि ठरवलेलं करते.

शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. बातमी त्यांना लागलेलीच होती. मान हलवून म्हणाल्या, "तू किती केलंस गं तिचं. पण शेवटी सावत्र ते सावत्रच." मी त्यांना म्हटलं, "काकू, तुमच्या सख्ख्या सुनेने तुमचं काय केलं ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे." बोलून गेले. त्या दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि खरं सांगू, त्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही.

पण तो शब्द मनात घुसून बसला. सावत्र. मला काही लागलं की लोक देवळात जातात तशी मी शब्दकोशाकडे जाते. मराठीचं मूळ मला आधीपासून ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते पुन्हा नजरेखालून घातलं आणि जीव कळवळला. सावत्र आला सवतीतून. सवत आली सपत्नीतून, म्हणजे एका नवऱ्याची दुसरी बायको. आणि त्याच घराण्यातला सपत्न म्हणजे तर चक्क वैरी. या शब्दात एक पुरुष आहे, दोन बायका आहेत, त्यांचं हाडवैर आहे. पोर कुठेच नाही! पोरीला जे आईचं नातं मिळालं ते बापाच्या दुसऱ्या लग्नातून, वळचणीच्या पाण्यासारखं. मावशी जे म्हणत होती ते तिने कुठल्याही कोशात वाचलेलं नव्हतं, पण ती शब्दाच्या अगदी मुळाशी उभं राहून बोलत होती. नवरा गेला, नातं सरलं.

शनिवारी शाळा अर्धी असते. मुलं गेल्यावर मी ग्रंथालयात गेले. तिथे एक जाडजूड इंग्रजी कोश आहे, मुळं सांगणारा, वाळवीने कडा खाल्लेला. गंमत बघा, स्टेपनीपासून टायरपर्यंत सगळ्या चाकांची कुळं मी शोधली होती, पण ज्या शब्दावरून माझी शाळाभर शोभा झाली तो 'स्टेप मदर' मी कधी उघडून पाहिलाच नव्हता. मला वाटायचं, त्यात बघायचं काय? स्टेप म्हणजे पायरी. एक पायरी खालची आई. सगळ्यांनाच तसं वाटतं. माझ्या सहकारी बाईंनाही तसंच वाटतं, मी त्याच दिवशी फोन करून विचारलं.

स्टेप म्हणजे पायरी नव्हे. पायरीचा शब्द वेगळा, हा वेगळा. दोघं फक्त दिसायला सारखे. हा स्टेप फार जुना आहे, आणि त्याचा अर्थ आहे ज्याचं माणूस हिरावलं गेलं तो. पोरका. जुन्या इंग्रजीत स्टेप चाइल्ड म्हणजे सावत्र मूल नव्हतंच मुळी, पोरकं मूल होतं. आणि स्टेप मदर म्हणजे त्या पोरक्या मुलाची आई झालेली बाई. बापाने कुणाशी लग्न केलं हा पुढचा भाग. शब्द सुरू होतो तो मुलाच्या दुःखापासून.

मी उभ्यानेच वाचत होते, मग खुर्ची ओढून बसले. पुन्हा वाचलं. ग्रंथालयाच्या शिपायाने विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे हो, फार बरं आहे." आणि मग मला भीती वाटली. उद्या रविवार होता, आणि हे मी तिला कसं सांगणार होते? जिला आयुष्यात सहीपलीकडे लिहायची गरज पडली नाही तिला मी हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजी शिकवणार होते. बिगरीतल्या पोरासमोर बी.ए.चा पेपर ठेवायचाच प्रकार.

रविवारी मामा आले. गाडी खाली उभी केली, गल्ली अरुंद, मागून रिक्षावाले भोंगे वाजवत होते. मामांनी खालूनच फोन केला, "ताई, गाडी काढायला लागेल, लवकर ये." मावशी नवी साडी नेसून तयार होती. ट्रंक दाराशी. देवाला नमस्कार झाला, बाबांच्या फोटोला झाला. आता माझी पाळी, म्हणून ती माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, "मावशी, बस जरा. एक शब्द सांगायचाय."

"आता? भाऊ खाली भोंगे खातो नि तुला शब्द सुचतात?"

"बस म्हणते ना!"

ती बसली नाही, पण थांबली. मी सांगितलं. वर्गात सांगते तसंच, कारण मला दुसऱ्या तऱ्हेने सांगताच येत नाही. आधी सवत, मग सावत्र, मग स्टेप, मग पोरकं मूल. पंचवीस वर्षं शिकवलं, पण कुठल्याही तासाला माझी इतकी फे फे उडाली नव्हती. ती पिशवीची नाडी आवळत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "झालं? विंग्रजांनी चांगलं केलं. पन मी राहते पनवेलात, लंडनात नाय. विंग्रजांच्या शब्दावर मी कुनाच्या घरात राहू?"

बस्स. माझा तोल गेला.

"आग लागो त्या इंग्रजांना!" मी ओरडले. "मला नको त्यांचा शब्द! मला तू हवी आहेस. बाबांमागून आलीस म्हणतेस, मग मोरीच्या दारात तांदूळ निवडत कुणासाठी बसलीस? बाबा तेव्हा दुकानात होते! माझ्या वेण्या बाबांसाठी घातल्यास? मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर ऊस सोलत बसलीस, ते काय बाबांना आवडायचं म्हणून? नवरा गेला की सगळं संपलं? मग मी कोण आहे तुझी? सांग ना, कोण आहे मी?"

एवढं मी तिला जन्मात बोलले नव्हते. आमच्या घरात असं बोलायची रीतच नव्हती, थट्टा करायची रीत होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

खाली पुन्हा भोंगा वाजला. मावशीने पिशवी खाली ठेवली.

"परत सांग," ती म्हणाली. "तो शब्द लागतो कवा? लगीन झाल्यावर?"

"नाही. पोराची आई मेल्यावर."

"आनि नवरा?"

"नवरा त्या शब्दात नाहीच."

"म्हंजे नवरा मेला, तरी तो शब्द तुटत नाय."

"नाही तुटत."

"पोर मोठं झालं तं?"

"तरी नाही. आई मेलेली ती मेलेलीच ना, मावशी. ती थोडीच परत येते."

ती हळूच ट्रंकेवर बसली. नव्या साडीची घडी मोडली त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मना वाटायचं, तुझ्या बापाचा हात धरून मी तुझ्यापरेंत आले. हात सुटला, आता वाट कशी धरू. येवढी वर्सं मना असंच वाटलं बघ."

इतकी वर्षं ती मनात हे घेऊन आमच्या घरात वावरली, हसली, भांडली, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता, याचं इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

जिन्यात पावलं वाजली. मामा दम खात वर आले आणि दारात उभे राहिले. "ताई, काय गो? खाली लोक मना मारायला उठलेत. चल ना."

मावशी बसल्या जागेवरून उठली नाही. ती भावाला म्हणाली, "तू जा रे. मना नाय यायला जमायचं."

"का? काय झालं?"

मावशीने माझ्याकडे बोट केलं. "पोरीची आई मेली हाय," ती म्हणाली. "तिला एकटी टाकून कशी येऊ?"

मामा माझ्याकडे बघायला लागले. पन्नाशी उलटलेली, केस पिकलेली, चष्म्यातून डोळे पुसणारी पोरगी. त्यांना काही समजलं असेल असं मला वाटत नाही. पण गावचा माणूस तो, मरणाची बातमी ऐकल्यावर काय करायचं ते त्याला माहीत होतं. त्यांनी दारात चपला काढल्या, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आत आले आणि काही न बोलता माझ्यासमोर जमिनीवर बसले. आई गेली तेव्हा, पोर लहान आहे, विसरेल, म्हणून मला शेजारच्यांकडे खेळायला पाठवलं होतं. माझ्यासमोर येऊन असं कुणी बसलं नव्हतं. मी खाली बसले, आणि माझ्या आईसाठी रडले.